डब्यावरची आक्का

साच्यातून मेणबत्ती निघाली की आक्का ती डोळ्यासमोर आडवी धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि सुतारानं फळीची धार बघावी तशी तिच्या अंगावरून नजर फिरवायच्या. मग नखानं जरा खरवडायच्या. मनासारखी असली तर काही न बोलता सुपात ठेवायच्या. कुठं बुडबुडा दिसला, वात एका अंगाला सरकलेली असली, की म्हणायच्या, "ही न्हाई चार माणसांत न्यायची," आणि परत वितळायला टाकायच्या.

घरातल्या वांड पोरीबद्दल बोलावं तसं. मला हसू यायचं. त्या हसायच्या नाहीत.

बेलापुरात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मागच्या भिंतीला लागून आक्कांची पत्र्याची खोली. ऐन तरुणपणी नवरा गेला, मूल नाही. जाऊ अंथरुणाला खिळलेली, म्हणून दिराचा पोरगा आक्कांनीच वाढवला. पुढं दीर आणि जाऊ दोघंही गेले आणि त्या घरात आक्का आणि पुतण्या एवढेच उरले. पुतण्या पुढच्या पक्क्या खोल्यांत, आक्का मागं पत्र्याखाली. असं कसं, हे गल्लीत कुणी विचारलं नाही, कारण तसंच आधीपासून होतं.

मेणबत्त्या आल्या त्या बचत गटातून. गटातल्या बायकांना प्रशिक्षण मिळालं, फोटो निघाले, चहा झाला, प्रत्येकीला एक साचा मिळाला. बाकीच्यांच्या साच्यांचं काय झालं, ते तुम्ही ओळखलं असेल. एकीच्या घरी दार लोटू नये म्हणून तो साचा बरेच दिवस दाराला लावलेला होता. आक्कांनी मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात येऊन वातीसाठी दोरा मागितला.

मी रीळ दिलं. त्यांनी टोक काडीवर धरलं. काळा मणी होऊन दोरा आकसला. "हा प्लॅस्टिकचा हाय ताई. धूर करंल. सुती न्हाई का?"

सुती दोरा आता शिंप्याकडंही नसतो. तो त्यांनी नगरहून मेणाच्या लाद्यांबरोबर आणायला सुरुवात केली. मेण आणायला एसटी, आणि कंडक्टर म्हणायचा, या वजनाचं तिकीट काढा. घरी आल्यावर पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, त्यात मेण. साच्याला तेल कमी पडलं तर मेणबत्ती चिकटून बसायची, जास्त झालं तर अंगावर डाग. ओतलेलं मेण गार होताना आत बसायचं आणि वातीजवळ खड्डा पडायचा, तो पुन्हा भरायचा. उघडायची घाई केली तर वाकडी. मनगटांवर कढत मेणाचे डाग, आणि खोलीत असा वास की त्यांच्या हातचा चहासुद्धा मेणाचा लागायचा.

विकणं त्याहून अवघड. किराणा दुकानदार म्हणाला, "आक्का, लाईट आता कुठं जाती? आन गेली तर मोबाईलला बॅटरी हाय."

जवळच्या गावात चर्चची मोठी जत्रा भरते. तिथं मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. भादव्याचं ऊन. रस्त्याच्या कडेला पोत्यावर त्यांनी मेणबत्त्या उभ्या केल्या, वर माझी छत्री. दुपारपर्यंत पुढच्या रांगेतल्या मेणबत्त्यांनी माना टाकल्या. एक म्हातारी आली, वाकलेलीच एक उचलून म्हणाली, "देवाला चालती. कमी कर थोडं."

आक्कांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. ओल्या पोत्याखालची एक सरळ मेणबत्ती काढून दिली, तीही वाकडीच्या भावात. परतताना टेम्पोत मी चिडले, तर म्हणाल्या, "अगं, देवापुढं माझं नाव वाकडं नको दिसाया."

अशानं धंदा होतो का? नाही झाला. पण दिवाळीला, नाताळला थोडं थोडं गिऱ्हाईक यायला लागलं. परत यायला लागलं, हे महत्त्वाचं.

मग पुतण्यानं व्हिडिओ काढला.

पोरगा शिकलेला, नोकरी नाही, हातात कायम मोबाईल. आक्का मेण ओततायत, एक डोळा मिटून बघतायत, असा तो व्हिडिओ होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला. कुठून कुठून ऑर्डरी आल्या. पुतण्यानं डबे छापून आणले. वर इंग्रजी नाव, खाली मराठीत 'काकीच्या हातची', आणि मधोमध हिरव्या लुगड्यातल्या हसऱ्या आक्का. तो डबा त्यांनी पदराखाली झाकून माझ्याकडं आणला. कुणी नाही असं बघून बाहेर काढला.

"तोंड लई मोठं छापलंय का गं?" त्यांनी विचारलं. चेहरा लाल झाला होता.

दिवाळी जवळ आली. आक्का पहाटेपासून राबल्या तरी ऑर्डरी पुऱ्या होईनात. एके सकाळी दारात टेम्पो लागला आणि खोकीच्या खोकी उतरली. कुठल्या तरी कारखान्यातला माल, काचेच्या पेल्यांत, वर सुकी फुलं आणि चमकी चिकटवलेली. आक्कांनी एक हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"वातीजवळ वाळकं फूल? पेटंल की हे."

"काकी, तुला कळत न्हाई. आता हेच चालतं."

"चालू दे. पन माझ्या फोटूच्या डब्यात न्हाई घालायचं."

पुतण्या हसला. मी माझ्या दारात मशीनवर बसले होते, सगळं दिसत होतं आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो म्हणाला, "लोक मेनबत्ती घेत न्हाईत काकी. तुझा फोटू घेत्यात."

त्या दिवशी भिंतीपलीकडून पातेल्याचा आवाज आला नाही.

दिवाळी झाल्यावर श्रीरामपूरहून एक बाई गल्लीत आली. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातात डबा. डब्यावरचा फोटो दाखवत घर विचारत आली. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बाईनं एकदा डब्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं.

"तुम्हीच ना या?"

"व्हय."

"वरचं फूल पेटलं. पडदा पेटला. माझा पोरगा शेजारी झोपला होता." तिचा आवाज फाटला. "तुमच्या तोंडाकडं बघून घेतली होती मी! म्हटलं, आईच्या वयाची बाई आहे, फसवायची नाही."

गल्ली गोळा झाली. पुतण्या दारात उभा होता. मला वाटलं, आता तो पुढं होईल. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. त्यानं मोबाईल खिशात घातला आणि खाली बघत राहिला.

आक्कांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग उठल्या आणि त्या बाईपुढं हात जोडले. "माझीच चूक हाय बाई. माझ्याच हातची हाय ती. माफ करा."

बाई वाट्टेल ते बोलली. तिनं बोलायलाच हवं होतं. जाताना डबा ओट्यावर आपटून गेली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले. म्हटलं, "खोटं का बोललात?"

"त्याचं लग्न ठरलंय ताई. पोरीकडच्यास्नी धंदा सांगून ठरलंय. चार माणसांत त्याला खोटा पाडू व्हय मी?"

"आणि तुम्ही?"

त्यांनी पातेल्याच्या काठावर थिजलेलं मेण नखानं काढलं.

एकच गोष्ट त्यांनी पुतण्याकडं मागितली. डब्यावरून फोटो काढ. तो गोड बोलला, पायाही पडला. "नवे डबे छापून आलेत काकी. एवढे संपू दे." ते संपले आणि पुन्हा तेच छापून आले. पोरगा मनानं वाईट नव्हता, असं मी इथं म्हणावं अशी कुणाची अपेक्षा असेल. मी म्हणणार नाही.

आक्कांनी मेण वितळवणं बंद केलं. साचे घासून पुसून भंगारवाल्याच्या गाडीवर स्वतः ठेवले.

लग्न श्रीरामपूरच्या कार्यालयात झालं. जेवून निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात भेट म्हणून एक छोटा डबा दिला. नव्या सुनेच्या मैत्रिणी आक्कांना शोधून काढत होत्या, गळ्यात हात टाकून सेल्फी घेत होत्या. आक्का डब्यावरच्यासारखं हसायचा प्रयत्न करत होत्या. पण नवरा-नवरीच्या घरच्यांचा फोटो निघाला तेव्हा स्टेजवरून त्यांना कुणी हाक मारली नाही. विधवा बाई, शुभकार्य, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

पंगती उठल्या. लोक डबे घेऊन गेले तसे बरेच तिथंच टाकूनही गेले. खुर्च्यांखाली, पत्रावळ्यांशेजारी, पाण्याच्या पिंपाजवळ. सगळीकडं आक्का हसत पडल्या होत्या. एका डब्यावर चपलेचा ठसा होता. मी चपला शोधत होते आणि पाहिलं तर आक्का कमरेत वाकून एकेक डबा गोळा करत होत्या, पदरानं पुसून पोत्यात टाकत होत्या. मी मदतीला वाकले, तर म्हणाल्या, "नगं. तू नको."

पुढच्या आठवड्यात त्या तिसगावला बहिणीकडं गेल्या. चार दिवसांसाठी, असं म्हणाल्या. पत्र्याच्या खोलीत पुतण्यानं खोक्यांचं गोडाऊन केलं.

वर्ष उलटल्यावर नात्यातल्या एका बारशाला मी पाथर्डीकडं गेले होते. वाटेत तिसगावचा बाजार होता. उतरले. आक्का बहिणीच्या पालाखाली लसूण विकत बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण मला बघून चेहरा उजळला. बसायला पोतं सारून दिलं, कुणाला तरी हाक मारून चहा मागवला. गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी केली. पुतण्याला मुलगी झाल्याचं मी सांगितलं.

"कुनावर गेलीय?" त्यांनी चटकन विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडं वळल्या.

तरुण नवरा-बायको होते. बायको लसूण निवडत होती, नवरा आक्कांकडं निरखून बघत होता. मग त्याला आठवलं.

"मावशी, तुम्ही त्या मेणबत्तीवाल्या ना? डब्यावरच्या? आमच्या घरी आहे तो डबा."

आक्कांनी तराजू उचलला. पदर कपाळावर थोडा पुढं ओढला.

"न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "ती दुसरी कुनी असंल."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या कपात बघत राहिले. आक्कांनी लसूण तोलला, त्यातला एक किडका गड्डा काढून मागं टाकला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.