पत्र्याचा सूर आणि चुकलेला फिल्टर

ढोलकीवर थाप पडली की डोक्यावरचा पत्रा थरथरायचा. पिंपळनेरजवळच्या एका गावात कानबाई देवीच्या उत्सवाची गाणी चालू होती. शेडमध्ये बायका दाटीवाटीने बसलेल्या आणि बाहेर पडायला दार एकच. मी आवाजाच्या मिक्सरवर होते.

यजमान नाना धावत आले. "ताई, पत्रा काब्र हाली ऱ्हायना? बाया घाबरी ग्यात!"

"आवाज बंद करू का, नाना?"

"नको! आमना घरमा सुरू व्हयेल गानं तोडतस नही."

म्हणजे चालू गाण्यातच दुरुस्ती करायची होती.

ढोलकीचा घुमारा कमी करायला मीच सगळ्या आवाजावर फिल्टर लावला होता. फिल्टर म्हणजे चाळणी. ठरावीक रेषेखालचा खर्ज अडवायचा, वरचा आवाज सोडायचा. ती रेषा म्हणजे कटऑफ. मी निवडला होता चेबिशेव्ह नावाचा प्रकार. तो रेषेखाली एकदम तुटतो, म्हणून मी खूश होते. पण रेषेच्या जरा वरचा आवाज तो जवळपास पूर्ण सोडतो, आणि थाप संपली तरी तिथला सूर क्षणभर रेंगाळतो. पत्रा ज्यावर आपोआप थरथरतो तो त्याचा स्वतःचा सूर नेमका तिथेच निघाला. माझं नशीब!

बटरवर्थ आणि बेसेल हे दुसरे दोन प्रकार. बटरवर्थमध्ये वरून रेषेपर्यंत येताना आवाज थोडा उतरलेला असतो. बेसेलमध्ये तर तो बराच आधीपासून हळूहळू उतरतो आणि फारसा रेंगाळत नाही. बटरवर्थनेही भागलं असतं कदाचित, पण करून बघायला सवड कुठे होती? मी बेसेल ठरवला.

अडचण अशी, की चालू आवाजात फिल्टर बदलला की स्पीकरमधून 'फट्' असा आवाज येऊ शकतो. दारापाशी दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या होत्या. आता एक 'फट्' झालं असतं तर चेंगराचेंगरीच.

गाणाऱ्या आक्का माइकवर एक ओळ म्हणायच्या, मग सगळ्या बायका तीच ओळ उचलायच्या. त्या बायकांना माइकची गरजच नव्हती. आक्कांची ओळ संपली. मी फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला, बेसेल टाकला, फेडर वर केला. आक्कांनी पुढची ओळ घेतली. ढोलकी वाजली. पत्रा गप्प.

"बसा व माय, काही नही शे," नाना दारातून म्हणाले. उभ्या होत्या त्या बसल्या.

गाणी संपल्यावर आक्का आल्या. "ताई, मधमाच मना आवाज असा बारीक काब्र व्हयना?"

बेसेलने ढोलकीबरोबर त्यांच्या आवाजाचाही थोडा खर्ज नेला होता. तसं सांगून मी हसले.

कटऑफच्या खाली फिल्टर काय करतो हे आम्ही सगळेच बघतो. वर काय करतो तेही बघावं, आणि शेड रिकामी असतानाच बघावं.