खिंडीपलीकडचा पाऊस

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या एस.टी.त छत्री घेऊन चढलो, तेव्हाच शेजारच्या फेटेवाल्याने मला जोखलं. "पारनेरकडं निघालात आन छत्री? उनासाठी उघडा." सत्तर सालचा भाद्रपद होता. पाऊस चुकला तर भरपाई देणारा विमा सुरू केल्यास शेतकरी हप्ता भरतील का, हे विचारत मला गावोगाव हिंडायचं होतं. पिशवीत छापील प्रश्न होते आणि तालुक्यांच्या पावसाची वही. या वहीचा मला भारी अभिमान.

सुप्याला उतरून दोन कोस चाललो. डोंगराच्या पायथ्याशी धोंडीबांची वस्ती लागली. रानातली बाजरी गुडघ्याएवढी होऊन थबकली होती, पण धोंडीबा बांधावर निवांत तंबाखू मळत बसले होते. मी विम्याचा विषय काढला.

"माझं दोन इमे उतरून झाल्यात की," ते म्हणाले. मी चक्रावलो, कारण विमा अजून कागदावरही धड नव्हता.

"थोरली पोरगी राजूरला दिली. तिकडं पाऊस लई. हितला चारा सरला की माझी गुरं तिकडं जात्यात, तिकडं भात कुजला की माझी बाजरी जाती. मधली पाटाच्या पान्यावर (कालव्याखालच्या गावात) दिली. आमी ढग बघून पोरगी देतो, सायेब. एकाच ढगाखाली सोयरीक केली, तर दोनी घरं एकदमच उपाशी."

दुपारी जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली कडी) होती. तिखटाने नाकातून पाणी आलं, तरी मी तिसऱ्यांदा घेतली. वाढता वाढता धोंडीबांच्या मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "धाकट्या हौसाला खिंडीपलीकडचं स्थळ आलंय. पोरीच्या बी मनात हाय. ह्यांचंच अडलंय."

तेवढ्यात धोंडीबांनीच विचारलं, "तुमच्या वहीत बघा बरं, खिंडीपलीकडं पाऊस आमच्यावानीच हाय का येगळा?"

मी ऐटीत वही उघडली. दोन्ही गावं पारनेर तालुक्यातली, आणि तालुक्याला पावसाचा आकडा एकच. "दोन्ही गावांना सारखाच," मी सांगून टाकलं.

"मग मिटलं. ते स्थळ न्हाई," धोंडीबा म्हणाले. चुलीपुढे भाकरी थापणारे हौसाचे हात थांबले. एका वाक्यात एका पोरीचं लग्न मी मोडलं होतं.

हौसा पदर सावरत दारात आली. "सायेब, तुमचं पाऊस मोजायचं भांडं कुठं असतं?"

"पारनेरला, कचेरीच्या आवारात."

"कचेरीत बाजरी पेरत्यात व्हय?" मग बापाकडे वळून ती म्हणाली, "आबा, खिंडीत चला. सायबालाबी घ्या."

उन्हं कलल्यावर आम्ही तिघं चढलो. वाटेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, ती हातात घेऊन मी खिंड गाठली. वर पोचलो आणि मी बघतच राहिलो. अलीकडे धोंडीबांची थबकलेली बाजरी, पलीकडे पुरुषभर उंच, कणसांनी लवलेली. मधे फक्त एक डोंगराची धार.

"औंदा तिकडं पडला," हौसा म्हणाली. "गेल्या साली आपल्याकडं पडला, तवा तिकडं नुसती धूळ हुती. आन राजूरला गुरं न्यायची तर आठ दिस लागत्यात. हितं घटकाभरात उतरत्यात."

धोंडीबांनी दोन्हीकडची बाजरी न्याहाळली. मग हसून म्हणाले, "एवढं इमा-इमा करत आलो, आन जवळचाच ध्यानात न्हाई आला." हौसा लाजून पुढे पळाली. मला इतका आनंद झाला, की अनवाणी डोंगर उतरल्याचं कळलंही नाही.

पुण्याच्या कचेरीत परतल्यावर प्रश्नपत्रिका भरायला बसलो. 'पाऊस न झाल्यास संरक्षणाची सोय' या रकान्यात लिहिलं, 'तीन मुली'. आमच्या साहेबांनी ते वाचून मला बोलावलं आणि तब्येत विचारली. मी खिंडीची हकीकत सांगितली, तेव्हा तेही हसले. ज्यांना आपण विमा शिकवायला निघालो, त्यांच्या आज्या-पणज्यांनी तो कधीच काढून ठेवला होता.

पुढच्या भाद्रपदात धोंडीबांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'औंदा पाऊस आमच्याकडं झाला, खिंडीपलीकडं चुकला. जावयाची चार जनावरं माझ्या गोठ्यात हायेत. त्यांच्याबरुबर हौसाबी म्हैनाभर ऱ्हायला आली. इम्याचा हप्ता भरतोय सायेब, आन भरताना लई गोड वाटतंय.'