ताईसाठी मराठीत केलेला खेळ

ताई सासरहून परत आली तेव्हा मी शहापुरात एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, निवडणूक असली की पत्रकं. सकाळच्या एसटीनं किन्हवलीहून जायचं आणि दिवस कलायच्या आत परत यायचं. दुकानात नवीन मशीन आलं तेव्हा मालकानं जुना कॉम्प्युटर मला देऊन टाकला. तो आमच्या मधल्या खोलीत भाताच्या कणगीशेजारी ठेवला होता. आईनं त्याच्यावर एक जुनी ओढणी पांघरली होती, धुळीसाठी.

ताईला मुरबाडच्या पलीकडं दिली होती. एका दुपारी ती एकटीच, हातात एक पिशवी घेऊन आली. बाबांनी तिला पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. आईनंही नाही. पण दोन-तीन दिवसांत आईच्या लक्षात आलं, की डाव्या बाजूनं हाक मारली तर ताई वळत नाही.

"कानाला काय झाला गो?"

"पडले," ताई म्हणाली.

पुढं कधी तरी भांडी घासताना तिनं मला आपणहून सांगितलं, "पडले नाय रे मी." मग पुढचं भांडं घासायला घेतलं.

ती कामं सगळी करायची. पहाटे उठायची, पाणी भरायची, गोठा झाडायची. पण काम संपलं की भिंतीला टेकून बसायची आणि समोर बघत राहायची. शेजारच्या बायका आल्या की आत निघून जायची. आई तिला म्हणायची, जरा बाहेर बस, वारा लागेल. ती बाहेर जाऊन बसायची, तशीच.

माझ्याकडं तेव्हा एक खेळ होता. कल्याणच्या मित्रानं सीडीवर आणून दिलेला. त्यात एक मोठं बेट आहे. डोंगर, दलदल, कोळ्यांची गावं, किल्ले. तुम्ही तुरुंगातून नुकतंच सुटलेलं कोणी तरी असता. एका बंदरावर तुम्हाला उतरवतात आणि सोडून देतात. बेटावर संकट आहे आणि ते तुम्हीच निवारायचं आहे असं पुढं कळतं, पण नाही निवारलं तरी कोणी रागवत नाही. कुठंही जा, कोणाशीही बोला. माझा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून झाला होता आणि मी पुन्हा सुरुवात केली होती, कारण दुसरं काही नव्हतं. भारनियमनातून दुपारची लाइट उरली तर सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यापुढं बसायचो.

अशाच एका रविवारी ताई मागं येऊन उभी राहिली.

"काय बोलतेय ती बाय?" तिनं विचारलं. पडद्यावर एक दुकानदारीण होती आणि तिच्या शेजारी इंग्रजीतलं तिचं बोलणं उमटलं होतं.

मी सांगितलं. मग पुढच्या माणसाचं सांगितलं. ताई पाट घेऊन बसली. लाइट जाईपर्यंत मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो आणि ती ऐकत होती, उजवा कान माझ्याकडं करून. लाइट गेल्यावर म्हणाली, "तो पुलावरचा म्हातारा राहिला."

पुढच्या रविवारी ती माझ्याआधी खोलीत होती. त्यानंतर मी तिलाच माउस दिला. चालायचं कसं, वळायचं कसं ते तिला लवकर जमलं. पण वाचता येईना. ती सातवीपर्यंत शिकली होती. मराठी घडाघडा वाचायची, इंग्रजी अक्षरं फक्त ओळखायची. मी दुकानात असताना ती खेळायला बसली तर सगळी माणसं तिच्यासाठी मुकीच.

त्या खेळाबरोबर आणखी एक सीडी होती. ज्या अवजारानं बनवणाऱ्यांनी ते बेट रचलं, तेच अवजार त्यांनी खेळणाऱ्यांनाही दिलं होतं. त्यातून घर हलवता यायचं, माणूस उभा करता यायचा, कोणाच्या तोंडचं बोलणं बदलता यायचं. मी त्यात आधी थोडी लुडबूड केली होती, एक तलवार फार जबर केली होती, एवढंच. आता वाटलं, बोलणीच मराठीत करावी.

अडचण अक्षरांची होती. त्या खेळाला देवनागरी ठाऊक नव्हती. पण आमच्या दुकानातले मराठी फॉन्ट तरी कुठं खरे मराठी होते? इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. पत्रिकेवर 'श्री' दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते भलतंच काही तरी असायचं. तोच डाव इथं लावायचा. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर खेळांचे फॉन्ट बदलायचा प्रोग्रॅम सापडला. वेलांट्या तुटायच्या, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसायचा. मालक जेवायला घरी गेला की मी दुकानात तेवढंच करत बसायचो आणि संध्याकाळी घरी लावून बघायचो. शेवटी बंदरावरच्या शिपायाच्या तोंडून एक वाक्य नीट निघालं.

त्याच संध्याकाळी मी ताईला बसवलं. तिनं शिपायाशी बोलणं काढलं. वाक्य होतं, "आपले स्वागत असो. आपण कोठून आलात?"

ताईनं वाचलं. मग म्हणाली, "असा कोण बोलतंय रे?"

मी ते बदललं. "काय गो, कुठना आलीस?" असं केलं. ती हसली. परत आल्यापासून पहिल्यांदा हसली असं मी म्हणणार होतो, पण मला ते नक्की आठवत नाही. हसली हे आठवतं.

मग माझं ते कामच झालं. सगळं बेट मी आमच्या बोलीत आणायला घेतलं. ते हजारो वाक्यांचं होतं. मी एकेक गाव धरून चाललो. बंदर झालं, मग नदीकाठचं मोठं गाव. ज्या गावाचं मराठी झालं नव्हतं तिथं गेलं की फॉन्ट बदलल्यामुळं इंग्रजी वाक्यंही मराठी अक्षरांत दिसायची आणि त्यांना काही अर्थ नसायचा. नुसती काने-मात्रांची भुकटी. ताई एकदा चुकून तशा एका गावात गेली. मी घरी आलो तर म्हणाली, "तिकडची लोकं याडी हायत काय? काय तरीच बोलतात." तेव्हापासून ती झालेल्या गावांतच फिरायची आणि पुढचं गाव कधी होतंय याची वाट बघायची.

ती लढायची नाही. उंदीर आला तरी पळायची. अळंब्या आणि फुलं गोळा करायची, ती वैदूला विकायची. डोंगरावर चढून नुसती उभी राहायची. मी सांगितलं, अगं, पुढं मोठं काम आहे, ते कर. ती म्हणाली, "तुजा तू कर."

नदीकाठच्या गावात एक खाणावळवाली होती. तिला मूळ खेळात एकच वाक्य दिलेलं होतं, खोली हवी का म्हणून. ताई एक दिवस मला म्हणाली, "हिला दुसरा काय तरी बोलायला लाव."

"काय?"

तिनं विचार केला. "जेवलीस का, असा इचारू दे."

मी ते घातलं. विचारलं म्हणजे उत्तरही हवं, म्हणून 'होय' आणि 'नाय' असे दोन पर्याय दिले. ताई दर वेळी 'नाय' दाबायची. मग पुढं काय, म्हणून मला आणखी एक वाक्य लिहावं लागलं, "बस मग, वाढते," आणि झोळीत एक भाकरी पडेल असं केलं. ताई रोज तिच्याकडं जायची. तिच्या झोळीत इतक्या भाकऱ्या साठल्या, की ओझ्यानं चालता येईना. मी म्हटलं, टाक थोड्या. तिनं टाकल्या नाहीत. खाणावळीतल्याच एका कपाटात नीट लावून ठेवल्या.

आईला हे सगळं आवडत नव्हतं असं नाही. एकदा तिनंही पाठीमागं उभं राहून पाहिलं. "कुणाचा गाव हा?" विचारलं. ताई म्हणाली, "कुणाचाच नाय." आई परत चुलीकडं गेली.

भात झोडून झाल्यावर ते लोक आले. एका जीपमधून ताईचा नवरा, त्याचा काका आणि त्यांच्या गावची दोन माणसं. ओटीवर बसले. चहा झाला. काकाच बोलत होता. संसार म्हटला की थोडंफार होतं, मुलगा रागीट आहे पण मनानं वाईट नाही, असं. मग म्हणाला, "पोर दिवसभर कॉम्प्युटरवर बसून असते, असा ऐकला आमी. घरची बाय अशी बसली तर लोकं काय बोलतील?"

मी म्हटलं, "ती येणार नाही. तिचा कान गेलाय. तो कसा गेला ते आधी विचारा ह्यांना."

नवरा खाली बघत होता. बाबा मला म्हणाले, "तू आत जा."

"बाबा, तुम्ही विचारा तरी."

"चार माणसं घरी आलीत. आत जा बोललो ना."

मी गेलो नाही. दारातच उभा राहिलो. तेवढ्यात माझ्या मागून ताई पुढं झाली, डोक्यावर पदर घेतलेला, आणि म्हणाली, "येते मी." इतक्या साध्या आवाजात, जशी काही पाणी आणायला निघाली होती.

ती आत पिशवी भरत होती तेव्हा मी गेलो. दुपारची वेळ, लाइट नव्हती. तिच्या उजव्या बाजूला उभं राहून मी म्हटलं, "का? मी सांगितलं होतं ना त्यांना."

"तू सांगशील रे. पण आई माज्याशी बोलताना आता खाली बघते. बाबा चावडीवर जायचे बंद झालेत. मी हितं बसून काय करू?"

"काही नको करूस. बस नुसती."

"नुसती किती दिस बसायचा?"

तिनं साडी घडी करून पिशवीत घातली. कॉम्प्युटरकडं तिनं बघितलं नाही. मीही त्याचं नाव काढलं नाही. जीप गेल्यावर बाबा ओटीवरून उठले आणि बैल सोडायला गेले.

मी मराठी करणं थांबवलं नाही. का ते सांगता येत नाही. तिसरं गाव झालं, चौथं झालं, डोंगरातली मठाची वस्ती झाली. पुढं मी नवा खेळ सुरू करून स्वतःच त्या गावांतून फिरायचो. पण आपणच लिहिलेलं बोलणं आपणच वाचायचं, त्यात काही उरत नाही. पुढचा माणूस तोंड उघडायच्या आधी तो काय बोलणार ते मला ठाऊक असायचं.

शहापूरच्या सायबर कॅफेतून मी ते सगळं एका फोरमवर चढवलं. असे खेळ बदलणारी माणसं तिथं जमायची. मला वाटलं होतं, कोणी तरी मराठी निघेल. एका परदेशी माणसानं उतरवून घेतलं आणि लिहिलं, की अक्षरं बिघडलेली दिसतात, दुरुस्त करा. मी उत्तर दिलं, की बिघडलेली नाहीत, ही भाषा आहे. त्यावर पुढं काही आलं नाही.

ताई माहेरी आली ती दोन वर्षांनी, भाऊबीजेला. कडेवर तिचा मुलगा होता आणि सोबत धाकटा दीर. ती वाळली होती. मी अंगणातून हाक मारली, तिच्या उजव्या बाजूनं, आणि तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. मग मुलानं माझ्याकडं बघितलं म्हणून तिनं बघितलं.

मी आईकडं बघितलं. आई ताट वाढत होती.

ओवाळून झाल्यावर मी ताईला मधल्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर लावला. मला वाटलं, इथं तर ऐकायचं काही नाही, सगळं वाचायचंच आहे. तिचा जुना खेळ जपून ठेवला होता, तो उघडला. मठाच्या वस्तीकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हटलं, "हे पण झालं. हे तू बघितलं नाहीस."

ती बसली. माउस धरला. थोडी चालली आणि एका भिंतीला जाऊन अडकली. कुठलं बटण दाबून वळायचं ते तिला आठवेना. मी हात पुढं केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता नाय जमायचा मला." बाहेर मुलगा रडत होता. ते तिला कळलं नव्हतं, मी खुणेनं सांगितलं. ती उठून गेली. जेवून ते दुपारच्याच गाडीनं निघाले. दिराला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं.

पुढच्या पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. कल्याणला एकाकडं नेली. त्यानं कानाशी धरून हलवली आणि परत माझ्या हातात दिली. फोरमवर ठेवलेलं शोधायला गेलो तर ती साइटच उघडत नव्हती. पुढं मी दुसरं मशीन घेतलं, तोच खेळ पुन्हा टाकला. एक-दोनदा पुन्हा फॉन्टपासून सुरुवात करून पाहिली. बंदरावरचा शिपाई झाला की हात थांबायचा. आता दुकान माझंच आहे. पत्रिका छापतो.

मागच्या वर्षी चुलत बहिणीचं लग्न होतं. आई ताईला आणायला गेली. मी म्हटलं होतं, मी येतो, पण ती म्हणाली, तू आलास तर नायच पाठवायचे. सकाळी गेली ती दुपारीच परत आली, एकटी. घरात कामं आहेत म्हणाले.

"दिसली तरी का?" मी विचारलं.

"दिसली. हिरीवर होती, पाठमोरी. मी हाका मारल्या."

आईनं चपला काढल्या, पाय धुतले आणि तांदूळ निवडायला बसली.