श्रीकांतकडची शनिवारची पाहुणी

श्रीकांत देवस्थळी मला पहिल्यांदा भेटला तो मराठी मंडळाच्या गणपतीत, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. घरी सोडतो म्हणाला, म्हणून मी त्याच्या गाडीत बसलो. रस्ता दहा मिनिटांचा. पण हा गडी बोलायला लागला की राउंडअबाउटवरून, म्हणजे इथल्या गोल चौकातून, बाहेर पडायचं विसरायचा. त्या संध्याकाळी आम्ही इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की हॉलमधला गणपतीही संकोचला असता. बाकीच्या गाड्यांतले लोक ओळख पटून हात करायला लागले. घरी पोचलो तेव्हा बायकोने पोलिसांना द्यायला माझा फोटो काढून ठेवला होता.

बोलण्याचा विषय एकच. मुलगी ईशानी, वय तेरा. श्रीकांत आणि रश्मी वेगळे झाल्यापासून ती आईबरोबर कॉव्हेंट्रीला राहायची आणि एक शनिवार सोडून एक बाबाकडे यायची.

"मग अडचण काय? उद्धट आहे?" मी विचारलं.

"उद्धट असती तर पेढे वाटले असते. फार चांगली वागते रे. फ्रिज उघडायलासुद्धा मला विचारते."

आईशी मात्र ती कडाकडा भांडायची, दारं आपटायची. रश्मी फोनवर वैतागून हे सांगायची आणि इकडे हा जळून खाक व्हायचा. शेवटी या शहाण्याने ठरवलं, पोरीला चिडवायचंच. एका शनिवारी साक्षीदार म्हणून मलाही जेवायला बोलावलं.

ताटात कारलं होतं. ईशानीने सगळं संपवलं.

"नाइस आहे, बाबा."

"कारलं नाइस?"

"अ बिट स्ट्राँग. बट नाइस."

त्याने वायफाय बंद केलं. तिने बॅगेतून पुस्तक काढलं. मग तोच भडकला.

"अगं, चिड की जरा. मी वायफाय बंद केलंय."

"इट्स फाइन. मी काय केला, बाबा?"

"काही नाही केलंस. तेच तर. इथे दोन कपडे तरी ठेव. कपाट रिकामं पडलंय तुझं."

"बॅग आहे ना. डोंट वरी."

चारला रश्मी गाडी घेऊन आली. ईशानीने बूट घातले, दारात उभी राहिली आणि हसून म्हणाली, "थँक यू फॉर हॅविंग मी."

मैत्रिणीच्या घरून निघताना इथली मुलं म्हणतात तसं. ती पाच वर्षांची असताना श्रीकांतनेच हे वाक्य तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

"यू आर ऑलवेज वेलकम," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं. गाडी वळल्यावर त्याने कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली, पाय दुखावला आणि डब्यालाच शिव्या दिल्या.

सोळाव्या वर्षी ईशानीला कॉव्हेंट्रीतल्या एका दुकानात शनिवारची नोकरी लागली. आता ती नाताळात येते.