तांबड्या पायांचा वाणी

आमच्या पेडण्यातल्या कुळागरात पावसाळ्यात इतके वाणी, म्हणजे ते पुष्कळ पायांचे किडे, निघतात, की पोफळीखाली जरा वेळ उभं राहिलं तर ते आपल्याला पाठीवर घेऊन शेजाऱ्याच्या हद्दीत सोडून येतात. हे मी डिचोलीच्या भाचीला फोनवर सांगितलं आणि फसलो. ती प्राणिशास्त्र शिकते, आणि वाण्यांच्या जाती ओळखणं हाच तिचा अभ्यास. शनिवारी पहिल्या बसने ती भिंग, चिमटा आणि स्पिरिटच्या बाटल्या घेऊन दारात हजर.

"मामा, मला एकच हवाय," ती म्हणाली. "काळा, चपटा, कडेने पिवळे ठिपके. पण वयात आलेला नर."

सोमवारी पणजीला सरांच्या हातात यादी द्यायची होती. या जातीची तिच्याकडे नुसती बायकापोरं जमली होती. नर मिळाला नाही तर नावाची जागा कोरी राहणार. दोन पावसाळे ती या एका किड्यामागे चिखल तुडवत होती. तसं ती बोलली नाही, पण बांगड्याचं हुमण समोर असताना नुसता भात चिवडत बसली, तेव्हाच मी ओळखलं.

जनेलापाशी उजेडात तिने मला नर ओळखायला शिकवलं. वाणी उताणा करायचा आणि डोक्याकडून कडी मोजायची. वीस भरली तर वयात आलेला, कमी भरली तर पोर. मग सातव्या कड्यावर थांबायचं. तिथे पायांच्या दोन्ही जोड्या असतील तर मादी. पुढच्या जोडीच्या जागी दोन वाकडे आकडे असतील तर नर. त्या आकड्यांचा घाट प्रत्येक जातीचा वेगळा.

"म्हणजे आधार कार्डच की," मी म्हटलं.

"हो. आणि मामा, रंगावर जाऊ नको. रंग फसवतो."

त्या दुपारी मी सातशे वाणी गोळा केले. भाची म्हणते एकतीस. ती एकेक उताणा करत गेली. मादी, मादी, पोर, मादी. माझी बायको कांदा चिरता चिरता ऐकत होती. म्हणाली, "बायकाच बाहेर पडल्यात सगळ्या. दादले घरी लोळत असतील, आमच्या ह्यांच्यासारखे."

रविवारी मी एकटाच कुळागरात गेलो, आणि स्पिरिटची बाटली घरी विसरलो. कुजक्या झावळीखाली नेमका एक काळा, चपटा गडी ऐटीत चालला होता. सोडला तर गेला. मग पंपाच्या खोलीत माझी एक खाजगी बाटली असते, तीत त्याला टाकला आणि तासभर आणखी शोधत फिरलो. दुसरा मिळाला नाही. बाटली उजेडात धरून बघतो तर काय, पाय तांबडे, ठिपके तांबडे. असा वाणी अख्ख्या गोव्यात कुणी पाहिलेला नाही, हे मी जागच्या जागी ठरवून टाकलं. घरी येताना बाजारातून वळसा घेतला. पहिल्या दुकानापाशी तो बोटाएवढा होता, शेवटच्या दुकानापाशी हातभर झाला आणि माझ्याकडे रागाने बघायलाही लागला.

भाचीने तो भिंगाखाली धरला. मग बाटली नाकाशी नेली.

"मामा, हा कशात ठेवला होतास?"

"स्पिरिटात."

"स्पिरिटाला आमसुलाचा वास येतो?"

मागे विळीचा आवाज थांबला. मी गप्प राहिलो असतो तर निदान संध्याकाळपर्यंत नवीन जात माझ्या नावावर होती. पण तेच कागदावर घेऊन पोर सरांपुढे उभी राहिली असती, आणि तिचं हसं झालं असतं. म्हणून सांगून टाकलं. काजूची फेणी, वर कोकमाचं आगळ, दर रविवारी पंपाच्या खोलीत एक कोप, गेली अकरा वर्षं.

"म्हणजे पंप बिघडत नव्हता," बायको म्हणाली.

भाचीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. "आगळाने रंगलाय नुसता. आंबटाने कवचातला चुनाही खाल्लाय, म्हणून मऊ पडलाय," असं पुटपुटत तिने तो उताणा केला. चार, पाच, सहा. सातवर चिमटा थांबला.

"मामा," ती हळूच म्हणाली, "आकडे."

कवच मऊ झाल्यामुळे ते अलगद उभे राहिले होते. बायको राग तसाच ठेवून भिंगाशी आली. "कोयतीच गो ही," ती म्हणाली, "आणि पात्याला बाजूने काटा." भाचीने पुस्तकातली चित्रं चाळली. तीच कोयती, तोच काटा सापडला. मग तिने यादीतल्या कोऱ्या जागी नाव लिहिलं आणि हुमणाचं भांडंच पुढ्यात ओढलं. मी तर त्या आनंदात एकट्याने तांदळाचे बारा पोळे खाल्ले. बायको म्हणते पाच.

वाणी स्वच्छ स्पिरिटात गेला. त्याच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, शोधणाऱ्याचं नाव आलं आणि खाली एक ओळ: "प्रथम फेणी व आगळ यांत ठेवलेला." ती ओळ गाळ म्हणून मी पाया पडायचा बाकी राहिलो. तिने गाळली नाही.

सोमवारी दुपारी पणजीहून तिचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. यादी पास झाली होती. पोर हसत होती, मागे बसवाले ओरडत होते.

"मामा, सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. विचारतात, प्रमाण काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको आतून म्हणाली, "दोन वाटे फेणी, एक वाटा आगळ, चिमूटभर मीठ."

मिठाचं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.