तेल-तूप बंद

माझा मोठा भाऊ ठाकुर्लीच्या स्टँडवर रिक्षा चालवायचा. बरगडीखाली जड वाटतं म्हणून त्याने कल्याणला सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये पाण्याने भरलेली मोठी पिशवी निघाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, स्कॅन काढला आणि सांगितलं, हा जंत आहे. कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, मातीच्या हातांतून माणसाच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये पिशवी धरून वर्षानुवर्षं वाढतात. दादा स्टँडवरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालायचा, त्यामुळे बिल्डिंगमधल्या बायकांनी लगेच निकाल लावून टाकला. मी भांडले त्यांच्याशी. गाजरं त्यांच्या घरातही कुणी धड धूत नाही.

दादा मात्र थट्टा करायचा. "भाडेकरू घुसलाय गं, डिपॉझिट न देता."

ऑपरेशन करून पिशवी काढली. पण काही महिन्यांनी पोटात इकडेतिकडे बारक्या पिशव्या दिसल्या. पुन्हा कापण्यात अर्थ नव्हता. आता फक्त गोळ्या, असं ठरलं. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' एवढंच लिहिलेलं होतं.

आणि जेवण आईच्या हातात होतं. लिव्हरचं दुखणं म्हणजे तेल-तूप बंद, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या माहेरी कावीळ झालेल्या प्रत्येकाला असंच सांभाळलेलं. पथ्याच्या बाबतीत ती फौजदारच. उकडलेला दुधी, बिनफोडणीचं वरण, कोरडी भाकरी, साय काढलेलं दूध. फोडणीच्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटायला नको म्हणून आमच्याही भाज्या तिने उकडायला घेतल्या. मी वैतागायचे, पण गुपचूप जेवायचे. दादा वाळत चालला होता. गोळी मात्र त्याने एकदाही चुकवली नाही.

पुढच्या स्कॅनमध्ये पिशव्या वाढल्या होत्या. डॉक्टरांनी सहज विचारलं, "जेवण काय असतं?"

"उकडलेलं, सर. तेल-तूप एकदम बंद," दादा म्हणाला. जरा अभिमानानेच म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी स्निग्ध खाण्याबरोबरच अंगात मुरते, म्हणाले. कोरड्या जेवणावर घेतली तर बरीचशी तशीच बाहेर पडते.

"मग हे चिठ्ठीवर का नाही लिहिलं?" माझा आवाज चढला. तूप असतं तर गुण आला असता का, हेही मी विचारलं. "नक्की नाही सांगता येणार. काहींना लागूच पडत नाही," म्हणाले. आजपासून सुरू करा, असंही म्हणाले, पण आमच्याकडे न बघता.

बाहेर बाकावर बसून दादाने स्कॅनचे कागद पिशवीत भरले. मग म्हणाला, "आईला बोलायचं नाही."

"अरे, पण तूप कसं..."

"बघू आपण. तिला काही बोललीस ना, तर याद राख."

तुपाची लहान बरणी मी माझ्या कपाटात ओढण्यांमागे ठेवली. आईचं जेवण संपवून दादा माझ्या खोलीत यायचा, चमचाभर तूप तोंडात टाकायचा आणि वर गोळी. "या वयात चोरी करायला लावतेस," म्हणायचा. मी हसायचे. तो गेला की चमचा धुताना रडायचे.

उपयोग झाला नाही. एक पिशवी पित्ताच्या नळीत फुटली, ताप चढला, डोळे पिवळे झाले. आईने हळदही बंद केली. पांढरंफटक वरण समोर आलं. "मस्त झालंय गं आई," म्हणत त्याने वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्याला ॲडमिट केलं. तिथून तो परत आला नाही.

अजूनही लोक भेटायला येतात. आई प्रत्येकाला तेच सांगते. "एक थेंब तेल जाऊ दिलं नाही मी त्याच्या पोटात. कुणी म्हणायला नको की आईने हयगय केली." बायका डोळे पुसतात, तुमच्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं म्हणतात. मला त्या क्षणी तिचा इतका राग येतो, आणि तिची इतकी दया येते, की तिथे उभं राहवत नाही.

मग ती माझ्याकडे वळते. "सांग ना गं. दिलं का कधी तूप त्याला?"

"नाही, आई," मी म्हणते. "कधीच नाही."