हिंदूरावचा अतिरिक्त कार्यभार

शनिवार, ३ मार्च २००१
दूध उशिरा आलं. मटार संपत आले. खालच्या पोरांनी होळीच्या आधीच पाण्याचे फुगे मारायला सुरुवात केली. वाळत घातलेली चादर पुन्हा पिळावी लागली. संध्याकाळी अण्णासाहेब येऊन गेले. उद्या हिंदूराव हरला, तर संघ विश्वासकडे. चहा बिनसाखरेचा मागितला आणि बिस्किटं मात्र क्रीमची खाल्ली.

वैजयंतीबाईंच्या रोजनिशीतला हा हिंदूराव म्हणजे बेसबॉलचा संघ. नोएडातल्या त्या सरकारी नोकरांच्या सोसायटीत बेसबॉलची बॅट कुणी हातात धरली नव्हती. अण्णासाहेबांच्या मुलाने, जयदीपने, शिकागोहून एक सीडी पाठवली होती. ती संगणकात घातली की पडद्यावर मैदान उघडायचं. खेळाडू कोण, कोणत्या क्रमाने फलंदाजीला जाणार, चेंडू फेकणाऱ्याला कधी बदलायचं, एवढं आपण ठरवायचं. बाकीचा सामना संगणक खेळायचा. सोसायटीतल्या सहा मराठी निवृत्तांनी सहा संघ केले आणि दर रविवारी अण्णासाहेबांच्या बैठकीत लीग सुरू झाली. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या ज्या सदनात उमेदीच्या काळात जेवणं झाली, त्याची आठवण म्हणून अण्णासाहेबांनी आपल्या संघाचं नाव ठेवलं कोपर्निकस. शंकरराव सबनीसांचं दिल्लीतलं पहिलं बिऱ्हाड हिंदूराव रुग्णालयाच्या टेकडीवर होतं, म्हणून त्यांचा हिंदूराव.

खेळाडूंची नावं अमेरिकन होती, पण ती फार दिवस टिकली नाहीत. मॉरिस ओल्डहॅम नावाचा थोराड फेकणारा शंकररावांचा लाडका. त्याचा मोरेश्वर झाला. अण्णासाहेबांच्या वॉल्टर हॉब्ज या फेकणाऱ्याला सगळे भगवंतराव म्हणू लागले.

नोव्हेंबरात शंकरराव गेले. लीग निम्म्यावर आली होती. तेराव्यानंतर अण्णासाहेब त्यांच्या पत्नीला, वैजयंतीबाईंना, म्हणाले, "वहिनी, संघ रिकामा ठेवता येत नाही, वेळापत्रक बिघडतं. हंगाम संपेपर्यंत अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे. नियमित नेमणूक मग बघू."

वैजयंतीबाईंना ही भाषा परकी नव्हती. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकून, लग्नानंतर दिल्लीत येऊन, त्यांनी मंत्रालयाच्या आस्थापना शाखेत ज्येष्ठतेच्या याद्या करण्यात नोकरी घालवली होती. आधी कोण लागला, बढती कुणाची आधी, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. संघाची फलंदाजीही शंकररावांनी त्यांना विचारूनच लावली होती : वयाने सर्वांत मोठा पहिला, मग दुसरा, असं करत धाकटा शेवटी. सहाही संघ तसेच होते. सगळेच केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. दुसरी रीत कुणाला सुचलीच नाही.

पहिल्या रविवारी त्या गेल्या त्या केवळ कर्तव्य म्हणून. दुसऱ्या रविवारी साडी आदल्या रात्रीच काढून ठेवली. तोवर अशा बैठकांत बायकांची जागा स्वयंपाकघरात असायची. खुर्चीवर बसून "हा आउट कसा?" असं विचारण्यात काय गंमत असते, ते त्यांना या वयात कळलं. बाकीचे दिवस कसेही निघायचे. मुलगी रेवती पुण्यात, फोन शनिवारी. पण नवरा गेल्यानंतरचा रविवार फार लांब असतो, आणि या खुर्चीमुळे तो आवरता यायचा.

हिंदूराव रडतखडत चौथा आला आणि बाद फेरीत शिरला. उपांत्य फेरी तीन सामन्यांची, समोर कोपर्निकस. पहिला सामना मोरेश्वरने घालवला, दुसरा धाकट्यांनी जिंकून दिला. मध्येच विश्वास सोसायटीत राहायला आला. अमेरिकेत पंधरा वर्षं काढून परतलेला, खरा बेसबॉल डोळ्यांनी पाहिलेला. साहजिकच पुरुषमंडळींचं ठरलं : हिंदूराव अंतिम फेरीत गेला तर वहिनी कायम, नाहीतर कार्यभार विश्वासकडे.

रविवारी सकाळी वैजयंतीबाई पोचल्या तेव्हा सगळे जमले होते.

"या, कार्यभारी बाई," गुलाबराव म्हणाले. त्यांचा संघ आधीच अंतिम फेरीत होता, त्यामुळे ते मजेत होते. "निरोपाचा हार आणायचा राहिला बघा."

"तुमच्याच गळ्यात घालू की पुढच्या रविवारी," वैजयंतीबाईंनी पर्स मांडीवर ठेवली.

"बिल्कुल!" आतून अण्णासाहेबांच्या पत्नी सुहासिनीबाई ओरडल्या. "आणि पोहे ज्याला हवेत त्याने येऊन घ्या. मी आज सामना बघणार आहे."

सामना सुरू झाला. मोरेश्वर फेकत होता आणि छान फेकत होता. सातव्या डावापर्यंत हिंदूराव चार, कोपर्निकस तीन. आठव्यात मात्र मोरेश्वरच्या नावाशेजारची हिरवी पट्टी पिवळी झाली, मग लाल. लाल म्हणजे दमला. एक गडी बाद होईतो कोपर्निकसचे तीन धावपटू तिन्ही तळांवर येऊन उभे राहिले.

अण्णासाहेबांनी हात चोळले. "वहिनी, काय करणार?"

बदलता येत होतं. बाकावर ली नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा बसून होता; यादीत सर्वांत खाली. पण शंकररावांनी मोरेश्वरला कधीही मध्येच काढलं नव्हतं. कोणीच कुणाच्या ज्येष्ठाला काढत नसे. पट्टी लाल झाली की सगळे हळहळायचे आणि तो सामना संपवायचा.

"भरल्या पंगतीतून माणसाला उठवू नये," अण्णासाहेब गंभीरपणे म्हणाले. "शंकरराव नेहमी म्हणायचे."

"ते पंगतीत म्हणायचे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "याचं जेवण झालंय, अण्णासाहेब. केव्हाचा हात वाळवत बसलाय. त्याला उठू तरी द्या."

विश्वास खुदकन हसला आणि मग त्याला वाटलं, आपण हसायला नको होतं.

वैजयंतीबाईंनी माउस धरला. बाण मोरेश्वरच्या नावावर नेला आणि त्या जरा थांबल्या. शंकरराव या माणसासाठी सकाळचा चहा गार होऊ द्यायचे. मग त्यांनी बटण दाबलं. मोरेश्वर पडद्याच्या कडेने चालत गेला, आणि ली आला.

पहिल्याच चेंडूवर उंच फटका. झेल घेतला, पण तिसऱ्या तळावरचा धावपटू तेवढ्यात घरच्या तळावर पोचला. चार-चार.

"अरे यार!" गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली.

"सांगत होतो," अण्णासाहेब म्हणाले. "ज्येष्ठता ही ज्येष्ठता असते."

"अजून हरले नाही मी," वैजयंतीबाई म्हणाल्या. पण पर्सची चेन त्यांनी दोनदा उघडून मिटली.

लीने पुढचा गडी बाद केला आणि डाव मिटला. नववा म्हणजे शेवटचा डाव गेला, जादाचा दहावा गेला, बरोबरी सुटेना. आता पट्टी लाल झाली होती ती भगवंतरावची. अण्णासाहेबांच्या बाकावर ताजे तिघे बसले होते.

"बदला की हो," सुहासिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. पोह्यांची बशी त्यांच्या हातातच होती.

"तत्त्व आहे."

"तत्त्व कसलं? माणूस धापा टाकतोय."

"सुहास, मध्ये बोलू नकोस. वहिनींनी केलं म्हणून मी करू?"

इथेच ते फसले. नवव्यात त्यांच्या मनात भगवंतरावला काढायचं आलंही होतं, असं त्यांनी नंतर कबूल केलं. पण लगेच काढला असता तर वहिनींचं बरोबर होतं असं झालं असतं. भगवंतराव फेकत राहिला. अकराव्या डावात हिंदूरावच्या दोघांना त्याने चुकीचे चेंडू टाकून चक्क चालत तळांवर जाऊ दिलं, आणि तिसऱ्याने चेंडू कुंपणापाशी मारला. कोपर्निकसची पाळी होऊन गेली होती, त्यामुळे एक धाव येताच सामना संपला आणि पडद्यावर फटाके उडाले. पाच-चार.

विश्वास उठला, हात पुढे केला आणि म्हणाला, "काकू, अभिनंदन. तिकडेसुद्धा असंच करतात, दमलेल्याला विश्रांती देतात. मी सांगणार होतो, पण नवीन माणूस, म्हटलं गप्प बसावं."

"शहाणाच आहेस," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पुढच्या हंगामात सातवा संघ काढ. माझ्याशी हरायला कुणीतरी नवीन लागेलच."

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "श्रीमती सबनीस यांची नेमणूक आजपासून कायम करण्यात येत आहे," ते उभं राहून म्हणाले, आणि आवाज उतरवून, "मोरेश्वरला वाईट वाटलं असेल हो."

"त्याला अंतिम सामन्यात पहिल्या डावापासून उतरवते," त्या म्हणाल्या. "एका आठवड्यात ताजा होईल."

"आणि पुन्हा लाल झाला तर?"

"तर पुन्हा काढीन."

खालच्या पोरांचे फुगे चुकवत त्या घरी आल्या. देवाजवळ दिवा लावला, रेवतीला स्वतःहून फोन केला, आणि झोपण्यापूर्वी लिहिलं :

रविवार, ४ मार्च. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. हिंदूरावचा कार्यभार कायम.